मोरस बेटांतील ऊंसमळ्यांवरील भोजनगृहें

ऐतिहासिक साधनांचा विचार करतांना आपलें लक्ष स्वाभाविकपणें कागदाकडे जातें. सनदा, महजर, कैफियती, पत्रें, हिशेबाच्या वह्या हीं आपलीं नेहमींचीं साधनें. त्यांच्या जोडीला नाणीं, शिलालेख व ताम्रपट. परंतु कांहीं स्थळें अशीं असतात कीं, तेथील इतिहास धन्यानें कागदावर लिहून ठेवला आणि ज्यांनीं घाम गाळला त्यांनीं तो चुलीवर शिजवून ठेवला. अशा स्थळीं पानांत वाढलेला पदार्थ हाहि एक दस्तऐवज ठरतो, आणि दस्तऐवजाप्रमाणेंच त्याचें वाचन करावें लागतें. हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटावरील जुन्या ऊंसमळ्यांच्या वाड्यांतून जीं भोजनगृहें निघालीं आहेत, त्यांचा विचार प्रस्तुत लेखांत या दृष्टीनें केला आहे.

विषय प्रथमदर्शनीं परका वाटेल. पण तो आपल्या घरांत केव्हांच येऊन गेलेला आहे. जुन्या मराठींत पांढऱ्या दाणेदार साखरेला ‘मोरस साखर’ म्हणत. हा ‘मोरस’ म्हणजेच मॉरिशस. गुजराथींत तर ‘मोरस’ हा शब्द साखर या अर्थींच रूढ झाला. बंगालच्या फाळणीनंतर इ. स. १९०५ च्या सुमारास स्वदेशीच्या चळवळींत परदेशी साखरेवर बहिष्कार पुकारला गेला, तेव्हां बाजारांतील ज्या मालावर लोकांचा रोख होता त्यांत ही साखरहि होती. ज्यांच्या संग्रहांत एकोणिसाव्या शतकांतील वाणसौद्याच्या वह्या असतील, त्यांनीं त्यांत हा शब्द अवश्य शोधून पाहावा. ती साखर ज्या मळ्यांतून आली त्या मळ्यांवरील वाड्यांत आज पांढरी चादर अंथरलेल्या मेजांवर पाहुण्यांस जेवूं घालतात. तें जेवण कोणाचें, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम बेटाचा पूर्ववृत्तांत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. डच लोक येथें इ. स. १५९८ मध्यें उतरले व त्यांनीं आपल्या राजपुत्राच्या नांवावरून बेटास मॉरिशस हें नांव दिलें. इ. स. १६३९ मध्यें डच अधिकारी आद्रियान व्हान डेर स्टेल यानें जावा बेटांतून दोन गोष्टी येथें आणल्या: एक ऊंस व दुसरी हरणें. इ. स. १७१० मध्यें डच बेट सोडून गेले. ऊंस व हरणें मात्र राहिलीं. इ. स. १७१५ मध्यें फ्रेंचांनीं बेटाचा ताबा घेतला. माहे द लाबूर्दोने हा इ. स. १७३५ मध्यें गव्हर्नर म्हणून आला. साखरेच्या उद्योगाचा पाया त्याच्या कारकीर्दींत घातला गेला. मद्रास जिंकणारा लाबूर्दोने तो हाच, हें वाचकांस सांगावयास नकोच. पुढें इ. स. १८१० मध्यें इंग्रजांनीं बेट जिंकलें. पण मळे, कायदे, धर्म व भाषा हीं फ्रेंच वसाहतवाल्यांचींच राहूं दिलीं. इ. स. १८२५ मध्यें मॉरिशसच्या साखरेवरील इंग्लंडांतील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच करण्यांत आली, आणि तेव्हांपासून सारें बेट उंसाखालीं गेलें.

हे मळे प्रथम गुलामांच्या श्रमावर चालत. मादागास्कर व आफ्रिकेचा पूर्वकिनारा येथून बहुतेक गुलाम आणलेले असत. कांहीं हिंदुस्थानांतूनहि नेलेले होते. ता. १ फेब्रुवारी १८३५ रोजीं बेटावर गुलामगिरी रद्द झाली. त्या वेळीं साठ हजारांहून अधिक माणसें गुलाम म्हणून नोंदलेलीं होतीं. इंग्रज सरकारनें नुकसानभरपाई दिली ती या माणसांस नव्हे, तर त्यांच्या धन्यांस. मॉरिशसच्या वांट्यास तिच्यापैकीं एकवीस लक्ष पौंडांच्या आसपास रक्कम आली. सुटलेल्या गुलामांस मात्र ‘उमेदवारी’च्या नांवाखालीं इ. स. १८३९ पर्यंत त्याच धन्यांपाशीं राबावें लागलें.

पण धन्यांनीं पर्याय अगोदरच शोधला होता. ता. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘अॅटलास’ नांवाचें जहाज कलकत्त्याहून ३६ हिंदी मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरांत आलें. करार पांच वर्षांचा व पुरुषाचा पगार दरमहा पांच रुपये होता. शिवाय तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. या पहिल्या मजुरांस तत्कालीन कागदांत ‘धांगर’ म्हटलें आहे. हा शब्द पाहून आमच्याकडील एखाद्या अभ्यासकाचा समज होईल कीं, हे महाराष्ट्रांतील धनगर असावेत. परंतु तो भ्रम आहे. छोटा नागपूरच्या डोंगरी भागांतील मजुरांस कलकत्त्याकडे हें नांव होतें. असाच दुसरा शब्द ‘सरदार’. आपल्या इतिहासांत सरदार म्हणजे सरंजाम खाणारा, फौज बाळगणारा मानकरी; मॉरिशसच्या मळ्यावर सरदार म्हणजे मजुरांच्या टोळीचा मुकादम. समुद्र ओलांडतांना शब्दांची किंमत कशी उतरते, त्याचा हा नमुना होय.

इ. स. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लक्षांहून अधिक हिंदी माणसें या बेटावर उतरलीं. त्यांपैकीं सुमारें तृतीयांश परत आलीं; बाकीचीं तेथेंच राहिलीं. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची रीत होती. इ. स. १८६७ च्या कायद्यानें मजुरांस आपलें छायाचित्र असलेला परवाना बाळगणें भाग पडलें. तो जवळ नसेल तर भटक्या म्हणून कैद.

हा सर्व वृत्तांत डोळ्यांपुढें ठेवून आतां वाड्यांकडे वळूं. मोका गांवाजवळ ‘यूरेका’ नांवाचें घर आहे. तें इ. स. १८३० च्या सुमाराचें असून त्यास १०९ दरवाजे आहेत. इ. स. १८५६ मध्यें यूजेन ल क्लेझिओ यानें तें लिलांवांत घेतलें. बोली आपल्या नांवें पडतांच तो ‘यूरेका’ म्हणून ओरडला व तेंच घराचें नांव पडलें, अशी कथा सांगतात. इ. स. २००८ चें नोबेल पारितोषिक मिळविणारा कादंबरीकार ल क्लेझिओ याच घराण्यांतील. उत्तरेस मापू येथील लाबूर्दोने मळ्यावरचा दुमजली वाडा क्रिस्तियां व्हीए यानें बांधविला, तो इ. स. १८५९ मध्यें पुरा झाला आणि जीर्णोद्धारानंतर इ. स. २०१० मध्यें लोकांस खुला झाला. दक्षिणेस सेंतोबें येथील घर इ. स. १८१९ चें. साखरेच्या कारखान्याचा त्रास टळावा म्हणून तें पुढें मूळ जागेवरून उतरवून दुसरीकडे पुन्हा उभारलें. नैर्ऋत्येस बेल ओंब्र मळ्याचा एकोणिसाव्या शतकांतील वाडा आहे. या चारी ठिकाणीं वाड्यांत किंवा वाड्याच्या आवारांत भोजनाची व्यवस्था केली गेली.

या घरांची रचना लक्षांत घेण्यासारखी आहे. भोंवतीं रुंद पडवी असते, तिला तेथील फ्रेंचांत ‘वारांग’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘वरांद’पासून आलेला असून तो हिंदुस्थानांतील फ्रेंच ठाण्यांमार्गें या बेटांवर पोंचला, आपला ‘व्हरांडा’ त्याचा भाऊबंद. पाहुण्यांचीं पानें पुष्कळदां याच पडवींत मांडतात. मात्र जुन्या घरांत स्वयंपाकघर वाड्याला लागून नसे. लांकडी घरास आगीचें भय, म्हणून तें निराळें, आवारांत मागें, दगडी बांधणीचें असे. यूरेका येथें तें तसेंच पाहावयास मिळतें. म्हणजे चूल एका इमारतींत व मेज दुसरींत. चुलीपाशीं उभे राहणारे आणि मेजाशीं बसणारे यांच्यामध्यें जें अंगण होतें, तें दिवसांतून अनेकदां ओलांडलें जाई. पण तें ओलांडण्याचा प्रघात एकाच बाजूचा होता. त्या अंगणांतून ताटाबरोबर शब्दहि वाड्यांत गेले. ते पुढें पाहूं.

हे वाडे भोजनगृहें कां झाले, याचें कारण साखरेच्या भावांत आहे. इ. स. १९७५ मध्यें लोमे येथें झालेल्या करारान्वयें युरोपांतील राष्ट्रें मॉरिशसची ठराविक साखर हमीच्या चढ्या भावानें घेऊं लागलीं. त्या भावावर मळे तगले. पुढें युरोपनें आपलें साखरेचें धोरण बदललें, इ. स. २००६ पासून चार वर्षांत हमीचा भाव शेंकडा ३६ नें उतरविला, आणि इ. स. २००९ मध्यें ती हमीहि संपली. त्याच्या आधींपासूनच लहान कारखाने बंद होऊन मोठ्यांत विलीन होत होते. बेल ओंब्र व पांप्लमूस गांवाजवळचा बो प्लां हे दोन्ही कारखाने इ. स. १९९९ मध्यें थंड झाले. बो प्लांच्या कारखान्यांत इ. स. २००२ मध्यें साखरेच्या इतिहासाचें संग्रहालय उघडण्यांत आलें, व शेजारीं भोजनगृह निघालें. त्याचें नांव ‘फांगूरें’, म्हणजे तेथील बोलींत उंसाचा ताजा रस. उंसापासून जें मिळेना तें उंसाच्या आठवणीपासून मिळवावें, अशी ही योजना आहे. आम्ही तींत दोष काढीत नाहीं. घर पडूं देण्यापेक्षां त्यांत चूल पेटती ठेवणें बरें; आमच्याकडील वाड्यांची गत पाहिलेल्या मनुष्यास हें निराळें सांगावयास नको. परंतु जी आठवण पाहुण्यास वाढली जाते ती पुरी आहे कीं अर्धी, हें तपासणें संशोधकाचें काम आहे.

या दृष्टीनें बेल ओंब्रचें उदाहरण उद्बोधक आहे. इ. स. १८१६ पासून हा मळा चार्ल्स टेल्फेअर याच्याकडे होता. हा बेलफास्टचा; इंग्रजी आरमारांत वैद्य म्हणून आलेला, पुढें गव्हर्नर फार्कुहर याचा चिटणीस झालेला, व मोठा वनस्पतिज्ञ. इ. स. १८२९ मध्यें बेटावर निसर्गशास्त्राचें मंडळ स्थापणाऱ्यांत तो प्रमुख होता. त्याच सुमारास त्यानें चीनकडून आलेल्या एका ठेंगण्या केळीचीं रोपें इंग्लंडांत पाठविलीं. तीं अखेर डेव्हनशायरच्या ड्यूकच्या चॅट्सवर्थ येथील कांचगृहांत पोंचलीं, तेथें पॅक्स्टननें तीं वाढविलीं, आणि ड्यूकच्या घराण्याच्या नांवावरून त्या केळीस कॅव्हेंडिश म्हणूं लागले. आपल्या खानदेशांतील ‘बसराई’ ही याच ठेंगण्या कुळांतील.

टेल्फेअरची दुसरी कृति म्हणजे इ. स. १८३० मध्यें पोर्ट लुई येथें छापलेलें, मॉरिशसमधील गुलामगिरीच्या स्थितीविषयींचें पुस्तक. इंग्लंडांतील गुलामगिरीविरोधी मंडळाच्या मासिक पत्रांत मॉरिशसच्या मळ्यांवर व खुद्द बेल ओंब्रवर क्रौर्याचे आरोप छापून आले होते. त्यांस हें उत्तर. आपल्या मळ्यावर गुलामांचें अन्न, वस्त्र, औषधपाणी व शिक्षण यांची व्यवस्था उत्तम आहे, असें त्यांत प्रतिपादन आहे. एवढ्यावरून टेल्फेअर खोटें बोलला असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु कागद कोणीं, कोणास व कोणत्या प्रसंगीं लिहिला, हे तीन प्रश्न आपण प्रत्येक कागदास विचारतों, ते यासहि विचारले पाहिजेत. लिहिणारा मळ्याचा धनी, वाचणारा इंग्लंडांतील मतदार, प्रसंग आरोपाचा. म्हणजे हें पुस्तक वतनदाराच्या कैफियतीच्या जातीचें होय. कैफियत टाकाऊ नसते. पण ती एकतर्फी असते, व प्रतिपक्षाचा कागद मिळाल्याखेरीज तिच्यावर निवाडा करतां येत नाहीं. बेल ओंब्रच्या पश्चिमेस ल मोर्न नांवाचा उंच सुळका आहे. मळ्यांवरून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत आश्रयास राहत. इ. स. २००८ मध्यें तो जागतिक वारशांत नोंदला गेला. प्रतिपक्षानें कागद लिहिला नाहीं. पण त्याची साक्ष वाड्यापासून फार दूर नाहीं.

आतां ताट पाहूं. या भोजनगृहांच्या फलकावर पदार्थांचीं नांवें फ्रेंच वळणानें लिहिलेलीं असतात व वरवर पाहतां सर्व कांहीं फ्रेंच भासतें. एकेक नांव सोडवून पाहिलें म्हणजे थर निराळे होतात.

पहिला थर डचांचा. हरणाचें मांस हा मळेवाल्यांच्या मेजावरील मानाचा पदार्थ. हीं हरणें इ. स. १६३९ मध्यें जावाहून आणलेल्यांचीच संतति होत. त्यांची शिकार हा मळेवाल्यांचा मोठा शोक. पण तें मांस ज्या रूपानें वाढतात तें बहुधा ‘कारी’चें, म्हणजे हिंदी मसाल्याचें असतें. शिकार धन्याची, मसाला मजुराचा, असा हा संयुक्त लेख आहे.

दुसरा पदार्थ ताडवर्गांतील झाडाच्या शेंड्यांतील कोवळ्या गाभ्याची कोशिंबीर. माडाचा असा गाभा कोंकणांत खाल्ला जातोच. गाभा काढला कीं झाड मरतें. एका वेळच्या जेवणासाठीं कित्येक वर्षांचें झाड जावयाचें, म्हणून तिला ‘लक्षाधीशाची कोशिंबीर’ असें नांव पडलें. मळेवाल्याच्या संपत्तीचें याहून नेमकें वर्णन आम्हांस ठाऊक नाहीं.

तिसरा पदार्थ ‘व्हिंदाय’. तळलेली मासळी मोहरी, हळद, लसूण व शिरका यांत मुरवून ठेवतात. ती लोणच्याप्रमाणें टिकते. मूळ पोर्तुगीज पदार्थ शिरका व लसूण यांत मुरविलेल्या मांसाचा. गोव्यांत त्याचा विंदालू झाला व मॉरिशसमध्यें व्हिंदाय. एकाच मूळ पत्राच्या या दोन नकला आहेत. एकींत मिरची वाढली, दुसरींत मोहरी. पाठभेदांवरून मूळ प्रत कशी होती हें ठरविणाऱ्यांस हें उदाहरण आवडेल.

चौथा थर तामिळ बोलीचा. पाँडिचेरीहून कारागीर व गुलाम म्हणून आलेले लोक फ्रेंच अमदानींतच बेटावर होते. मागाहून मद्रासेहून मजूर आले. टोमॅटोच्या तिखट कालवणास ‘रुगाय’ म्हणतात. तें तामिळ ‘ऊरुगाय’, म्हणजे लोणचें. कोथिंबिरीस ‘कोतोमिली’ म्हणतात, तें ‘कोत्तमल्ली’. कढिलिंबास ‘कारिपुले’, तें ‘करिवेप्पिलै’. दोडक्यास ‘पिपांगाय’, तें ‘पीर्कंगाय’. पडवळास ‘पातोल’ म्हणतात. संस्कृत ‘पटोल’ शब्द त्यांत जवळजवळ जसाच्या तसा आहे, तर आपल्या ‘पडवळा’ंत तो झिजून गेला आहे. पालेभाजीस ‘ब्रेद’ हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. उत्तर हिंदुस्थानी मजुरांनीं ‘दाल’, ‘फराठा’ व ‘सातिनी’, म्हणजे चटणी, हे शब्द दिले. ज्या वाड्यांतील दप्तरांत मजुराचें नांव धड लिहिलेलें नसे, त्याच वाड्याच्या जेवणाच्या फलकावर मजुराची भाषा आज जशीच्या तशी नांदते आहे.

शेवटीं मिष्टान्न. त्यांत व्हॅनिलाचा वास असतो. सेंतोबें येथें या वेलीची लागवडहि आहे. ही वेल मूळ मेक्सिकोची. तिच्या फुलांत मेक्सिकोबाहेर आपोआप फळ धरत नसे. इ. स. १८४१ मध्यें शेजारच्या बूर्बों, म्हणजे हल्लींच्या रेयुनियन, बेटावर एडमंड नांवाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें एका बारीक काडीनें व आंगठ्यानें फुलाचें परागण करण्याची युक्ति शोधून काढली. जगांतील व्हॅनिलाची लागवड आजहि मुख्यतः त्याच युक्तीनें चालते. इ. स. १८४८ मध्यें तो मुक्त झाला तेव्हां त्यास ‘आल्ब्युस’ हें आडनांव मिळालें, इ. स. १८८० मध्यें तो दारिद्र्यांत वारला. ज्या शोधानें मळेवाल्यांस पैसा दिला त्यानें शोधकास आडनांवापलीकडे फारसें कांहीं दिलें नाहीं.

याप्रमाणें थर सोडवीत गेलें म्हणजे असें दिसून येतें कीं, मळ्याच्या घराचा म्हणून जो पाक आज पाहुण्यांपुढें येतो, त्याचा सांगाडा युरोपीय मेजाचा असला तरी मांस व रक्त मजुरांच्या वस्तीचें आहे. करारांत जो शिधा लिहिला होता तो तांदूळ, डाळ व मीठ एवढ्याच जिनसांभोंवतीं फिरतो. त्या शिध्याला चव आणण्यासाठीं परसांत लावलेली कोतोमिली, पाट्यावर वाटलेला मसाला आणि मोहरीची फोडणी यांची नोंद कोणत्याहि करारांत नाहीं. ती जिनसांत राहिली, आणि जिनसांवरून ती वाचतां येते.

प्रतिपक्षानें मुळींच लिहिलें नाहीं, असेंहि मात्र समजूं नये. इ. स. १८७१ मध्यें आदोल्फ द प्लेव्हित्झ या युरोपीय गृहस्थाच्या साह्यानें जुन्या हिंदी मजुरांनीं गव्हर्नरकडे एक अर्ज केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या व निशाण्या होत्या. मळेवाले खवळले, परंतु अर्जामुळें इ. स. १८७२ मध्यें राजनियुक्त चौकशीमंडळ आलें व त्यानें मजुरांच्या गाऱ्हाण्यांत पुष्कळ तथ्य असल्याचें दाखविलें. टेल्फेअरच्या कैफियतीपुढें ठेवावयाचा कागद तो हा. पिढी दुसरी व मजूर दुसरे. पण वाद तोच.

आतां महाराष्ट्राचा संबंध. मुंबई बंदरांतून गेलेल्या मजुरांत कोंकणांतील व घाटमाथ्यावरील मराठी माणसें होतीं. कलकत्ता व मद्रास यांच्या मानानें ही संख्या थोडी. पण त्यांचे वंशज आजहि बेटावर स्वतःस मराठी म्हणवितात, गणेशचतुर्थीस तेथें सार्वजनिक सुटी असते, आणि कोंकणांतील जाखडी नाच ‘झाकरी’ या नांवानें तेथें टिकून आहे. ज्या पद्धतीनें हे लोक नेले गेले ती बंद करावी असा ठराव रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनीं ता. ४ मार्च १९१२ रोजीं मध्यवर्ती कायदेमंडळांत मांडला. सरकारी मतांपुढें तो फेंटाळला गेला; पण त्यानंतर पांच वर्षांतच, इ. स. १९१७ मध्यें, करारबंद मजुरांची रवानगी थांबविण्यांत आली.

या मजुरांचीं दप्तरें मोका येथें महात्मा गांधी संस्थेंत ठेवलेलीं आहेत. इ. स. २०१५ मध्यें युनेस्कोनें जागतिक स्मृतींच्या यादींत त्यांची नोंद केली. मजुराचें नांव, बापाचें नांव, वय, जात, गांव, अंगावरील खूण, जहाज, मळा, आणि इ. स. १८६० नंतरच्या दशकापासून छायाचित्र, असा त्यांतील मजकूर. मजूर ज्या धक्क्यावर उतरत, तो पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट इ. स. २००६ पासून जागतिक वारसा आहे. दप्तरांतील नांवें परक्या कारकुनानें कानानें ऐकून रोमन लिपींत लिहिलेलीं आहेत. मराठी गांवाचें वा आडनांवाचें खरें रूप ओळखण्यास मराठी वाचकच पाहिजे. मोडी कागदांतील अपभ्रष्ट स्थळनामें लावण्याची ज्यांस संवय आहे, त्यांस हें काम कठीण नाहीं. दक्षिण कोंकणांतील एखाद्या घराच्या माळ्यावर ‘मोरसास गेला’ एवढीच नोंद असलेली वंशावळ, तेथून आलेलें पत्र, वा छायाचित्र चिकटविलेला परवाना असण्याचा संभव आहे. अशा कागदाची बाजारांत किंमत थोडी. पण समुद्रापलीकडील दप्तरांत त्याचें दुसरें अर्धुक पडून आहे. ज्यांस असा कागद सांपडेल त्यांनीं तो फुटकळ म्हणून टाकूं नये व घरच्या इतर कागदांपासून निराळा काढून विकूंहि नये. त्याची नक्कल करून मूळ कागद जेथल्या तेथें जपावा.

आणि ज्यांस मॉरिशसच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या पडवींत जेवण्याचा योग येईल, त्यांनीं जेवण झाल्यावर दोन गोष्टी कराव्या. मागील अंगणांतून त्या निराळ्या स्वयंपाकघरापर्यंत चालत जावें व तें अंतर पावलांनीं मोजावें. नंतर जेवणाच्या फलकावरील नांवें वहींत उतरून घ्यावीं व त्यांपैकीं कोणतीं वाड्याचीं आणि कोणतीं चुलीचीं, याची निवड करावी. आमच्या मतें चुलीकडील यादी लांब भरेल.